नजरेचा दात

नागपूरच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक वस्तू नागपुरात होत नाहीत. संत्री पिकतात काटोल-सावनेरकडे. शहरात पिकतात ते कारकून. माझे वडील सेक्रेटरिएटात कारकून होते, आजोबा राजवाड्याच्या दफ्तरात कारकून होते. ही परंपरा मोडावी म्हणून मी वकील झालो, आणि पहिली तीन वर्षे दुसऱ्या एका वकिलाची कारकुनी केली.

ते वकील रावबहादूर होते. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते आणि आमचा प्रांत मध्यप्रांत म्हणून ओळखला जात होता. त्या काळात रावबहादूर पुष्कळ असत, पण आमचे झोपेतही रावबहादूर असत असा त्यांच्या धाकट्या भावाचा अभिप्राय होता. पदवी मिळून बरीच वर्षे झाली तरी ती त्यांच्या अंगावर नव्या कोटासारखी कडक होती. सीताबर्डीवर त्यांचे ऑफिस होते आणि ऑफिसच्या व्हरांड्यात माझे टेबल. पक्षकार आधी माझ्याकडे येई, मी त्याचे म्हणणे लिहून घेई आणि मग तो आत जाऊन रावबहादुरांचे म्हणणे ऐके.

एके दिवशी सकाळी एक जोडपे आले. माणूस पन्नाशीचा, खांद्यावर गाठोडे, चेहऱ्यावर आपण चुकीच्या जागी आल्याचा भाव. बाई मात्र बरोबर जागी आल्यासारखी खाली बसली. दोघे सावनेरचे कोष्टी. सकाळच्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आले होते.

"काय काम आहे?" मी विचारले.

"नाव चोरलं आमचं," बाई म्हणाली.

"कोणी?"

"गिरणीनं चोरलं, शेठ इकून राह्यला."

नवऱ्याने गाठोडे सोडले. आत एक लुगडे होते, टसरचे, मधाच्या रंगाचे, आणि दोन्ही काठांना लाल करवती. म्हणजे करवतीच्या पात्यासारखे दात, काठातून आतल्या अंगाकडे वळलेले. असे लुगडे माझ्या आईकडेही एक होते. ते वर्षातून दोनदा पेटीतून निघे, पण ते कसे विणतात हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हते. नवऱ्याने ते सांगितले आणि तेवढ्यापुरता तो बोलका झाला. साध्या मागावर एक धोटा इकडून तिकडे जातो. करवतीला तीन धोटे लागतात, मधल्या अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. जिथे काठाचा दोरा आणि अंगाचा दोरा भेटतात तिथे त्यांना एकमेकांत अडकवावे लागते, दर ओळीला, हाताने. म्हणून मागावर दोघे बसतात. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती.

"लगन झालं तवापासून एका मागावर हाओ," तो म्हणाला.

"अन् एक दिवस बी त्याईचा दात सारका नाई पडला," बायको म्हणाली.

"हे अशी बोलते जी. दात माहेच चांगले असते."

त्यांची तक्रार अशी. त्यांचा माल वर्षानुवर्षे इतवारीच्या बाजारातला एक शेठ घेई. गेल्या दिवाळीपासून त्याने घेणे बंद केले. त्याच्या दुकानात आता पश्चिमेकडच्या एका शहरातल्या गिरणीची लुगडी आली होती आणि प्रत्येकावर सोनेरी कागदाची चिठ्ठी होती: 'अस्सल नागपुरी करवती'. ती स्वस्त होती. स्वस्ताईबद्दल दोघांची तक्रार नव्हती.

"गिरणी हाये, सस्तं देणारच ना," बाई म्हणाली. "पण तुमच्या गावाचं नाव लावा ना गा. आमचं काहून लावता? लोकं येते, नागपुरी मांगते, शेठ चिठ्ठी दाखवते, लोकं घेऊन जाते. आमी दारात उभे."

सावनेरातल्या बऱ्याच कोष्ट्यांनी माग विकून जिनिंगमध्ये कपाशीचे ओझे वाहायला सुरुवात केली होती. या दोघांनी गावातल्या सुताराला माग दाखवून ठेवला होता. होळीपर्यंत शेठने माल घेतला नाही तर लाकूड सुताराला आणि दोघे जिनात.

ते बोलणे ऐकताना मला कॉलेजात घोकलेला एक कायदा आठवला. मालावरच्या खुणांचा कायदा. मालाचे खोटे वर्णन करून तो विकणे हा गुन्हा, आणि माल कुठे तयार झाला हेही वर्णनातच धरलेले. हा कायदा विलायतेतल्या कारखानदारांची काळजी वाहण्यासाठी झाला होता हे उघड होते. पण त्याचा फायदा सावनेरच्या कोष्ट्याने घेऊ नये असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मी कलम शोधून आत गेलो.

रावबहादुरांनी ते वाचले, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर पाहिले. खिडकीबाहेर टांग्यांचा अड्डा होता, पण त्यांना दुसरेच काही दिसत असावे.

"ही केस नव्हे," ते म्हणाले. "ही चळवळ आहे."

मी इतवारीत जाऊन, साक्षीदार म्हणून शेजारच्या पानवाल्याला बरोबर घेऊन, शेठकडून गिरणीचे एक लुगडे विकत आणले. रावबहादुरांनी ते उलगडू दिले नाही. सोनेरी चिठ्ठी घडीच्या दोन्ही बाजू धरून चिकटवलेली होती. उलगडले तर ती फाटली असती, आणि त्यांच्या मते चिठ्ठी हाच पुरावा होता. त्यांनी लुगडे तसेच कागदात गुंडाळले, वर लाखेच्या पाच मोहरा स्वतःच्या अंगठीने उठवल्या आणि ते कपाटात ठेवले. शेठवर फिर्याद दाखल झाली. मग चळवळ सुरू झाली.

चळवळीसाठी मंडळ लागते. नागपुरी मालाच्या रक्षणासाठी त्यांनी जे काढले त्याचे नाव इतके लांब होते की कागदाच्या माथ्यावर ते दोन ओळींत बसवावे लागले. सात सभासद होते: दोन मालगुजार, एक निवृत्त जज्ज, एक संपादक, एक डॉक्टर, रावबहादूर स्वतः आणि त्यांचे व्याही. सातांपैकी कोणाच्याही अंगावर नागपुरी सूत नव्हते. पहिली सभा रावबहादुरांच्या बंगल्यावर भरली. फोटोला पाऊण तास लागला, कारण निवृत्त जज्जांना मधली खुर्ची हवी होती आणि मधल्या खुर्चीवर यजमान आधीच बसले होते. मंडळाचा रबरी शिक्का कलकत्त्याहून करून आणलेला होता. तो हातोहात फिरला आणि सर्वांनी वाखाणला. कोष्ट्यांना बोलावलेले नव्हते.

मग एका मालगुजारांनी सभेतला एकमेव कामाचा प्रश्न विचारला. "नागपुरी म्हणजे कुठपर्यंतचं धरायचं?"

रावबहादूर म्युनिसिपल कमिटीवर होते आणि जगात त्यांना एकच हद्द पक्की ठाऊक होती. ते म्हणाले, "जकात नाक्याच्या आत तयार होईल तो माल नागपुरी." सर्वांना हे फार आवडले. त्याला काठ होता. ठराव एकमताने मंजूर झाला, रावबहादुरांनी पदवीसकट सही केली आणि संपादकांनी तो दुसऱ्या दिवशी छापला.

तो ठराव माझ्या अक्षरात आहे. कार्यवृत्त लिहिणे माझ्याकडे होते. लिहिताना मला सावनेर आठवले आणि मी लहान म्हणून गप्प बसलो, असे इथे सांगता आले असते. खरे म्हणजे मला सावनेर आठवलेच नाही. चिवडा येऊन बसला होता आणि तो डॉक्टरांच्या बाजूने फिरायला लागल्यामुळे माझ्यापर्यंत उरेल की नाही याची मला चिंता होती.

खटला माघात उभा राहिला. मॅजिस्ट्रेट जबलपूरकडचे होते. मराठी समजे, बोलत हिंदी. शेठच्या बाजूने महाल भागातले एक वकील होते. पदवी नाही, फोटो नाही, पण वर्तमानपत्र नीट वाचण्याची सवय. त्यांनी कोष्ट्याला पिंजऱ्यात घेतले.

"राहता कुठे?"

"सावनेरले."

"माग कुठे आहे?"

"घरात."

"घर कुठे?"

"सांगतलं ना जी. सावनेरले."

"सावनेर नाक्याच्या आत आहे की बाहेर?"

"कोन्त्या नाक्याच्या?"

कोर्टात हसू पसरले. वकील हसले नाहीत. त्यांनी खिशातून कात्रण काढले आणि आमचा ठराव सावकाश वाचून दाखवला, सही आणि पदवीसकट. मॅजिस्ट्रेटांनी रावबहादुरांना विचारले, "यह आपके ही दस्तखत हैं?" रावबहादूर म्हणाले की आहेत, परंतु संदर्भ वेगळा आहे.

"म्हणजे फिर्यादीच्या वकिलांच्या मते," महालातले वकील म्हणाले, "फिर्यादीचं लुगडंसुद्धा नागपुरी नाही." मग कोष्ट्याकडे वळून गोड आवाजात: "तुम्ही तरी त्याला नागपुरी का म्हणता?"

"आमी नागपूरले आणून इकतो जी. म्हणून लोकं म्हणते."

"गिरणीचंही नागपूरलाच आणून विकतात."

कोष्ट्याने बायकोकडे पाहिले. मॅजिस्ट्रेटांनी जेवणाची सुट्टी दिली.

आवारातल्या लिंबाखाली दोघे भाकरीचे फडके सोडून बसले होते. खात कोणीच नव्हते. मी गेलो तेव्हा बाई नवऱ्याला म्हणत होती, "अन् तुमी काहून गप झाले जी? घरी त लई बोलता."

"काय बोलू वं? सावनेर सरकवू का नागपुरात?"

मी त्यांना सांगितले की तो ठराव लिहिणारा मीच. नवरा भाकरीकडे पाहत राहिला. बाईने मला नीट न्याहाळले. रागाने नव्हे, बिघडलेला धोटा पाहावा तसे.

"मंग आता? सुताराले निरोप धाडू?"

मी म्हणालो, अजून दुपार बाकी आहे. मनात काही नव्हते, पण वकिलाला असे म्हणावे लागते.

"एक सांगू का साहेब," ती म्हणाली. "ते गिरणीचं लुगडं मले एकडाव पाहू द्या. आमाले कोणी उलगडून दाखवलंच नाई. शेठ बी चिठ्ठी दाखवते, तुमी बी चिठ्ठीच दाखवता. आतमंदी काय हाये ते कोणी पाह्यलं?"

तिचे खरे होते. ते लुगडे शेठच्या हातात घडीत होते, माझ्या हातात घडीत होते आणि आता लाखेत होते. सात सभासद, दोन वकील आणि एक मॅजिस्ट्रेट त्या चिठ्ठीवर दोन महिने खर्ची पडले होते, आणि कापड कोणी पाहिलेले नव्हते.

सुट्टीनंतर मी उठून उभा राहिलो. त्या कोर्टात मी याआधी उठलो होतो ते रावबहादुरांची खुर्ची मागे घेण्यासाठी. मी अर्ज केला की पुडके फोडावे आणि फिर्यादीच्या बायकोची साक्ष घ्यावी. "लेबल फाटेल," रावबहादूर दातांतून म्हणाले. मॅजिस्ट्रेटांनी पाच मोहरांकडे पाहिले, एकदा अंगठीकडे पाहिले आणि म्हणाले, "खोलिए."

चिठ्ठी फाटली. बाईने लुगडे टेबलावर पसरले. आधी तळहात फिरवला, मग उलटे केले. उलट्या अंगाला काठाशी दोरे लोंबत होते. तिच्या लुगड्याला उलटे अंग नसतेच, दोन्ही बाजू सारख्या. महालातल्या वकिलांनी लगेच सांगितले की गिरणीचे विणकाम वेगळे असते हे त्यांना मान्य आहे, मुद्दा नावाचा आहे. मॅजिस्ट्रेटांनी मान हलवली. तेवढ्यात काठावरून सरकणारे बाईचे बोट थांबले. पुन्हा सरकले, पुन्हा थांबले. आणि तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले रडते आहे. खांदे हलत होते.

ती हसत होती.

"बाई, हँस क्यों रही हो?" मॅजिस्ट्रेटांनी विचारले.

"साहेब, याईनं त नजरेचा दातच इनला जी!"

कोणाला काही कळले नाही. नवऱ्याला कळले, तो पिंजऱ्याजवळून धावत टेबलाशी आला आणि शिपायाने त्याला अडवले. बाईने गाठोड्यातले आपले लुगडे शेजारी पसरले आणि पदरापासून वीतभर अंतरावर, डाव्या काठावर, बोट ठेवले. एका रांगेत सगळे दात टोकदार आणि मधला एक अर्धाच, टोक खुडल्यासारखा.

"हा माह्या हातचा. माही सासू ठेवे, आता मी ठेवतो. लुगडं सारं बेस झालं का नजर लागते जी. म्हणून एक दात आर्धा सोडाचा. एका लुगड्यात एकच."

"अन् हे पहा." तिने गिरणीच्या लुगड्यावर बोट नेले. तिथेही अर्धा दात होता. वीतभर पुढे आणखी एक. पुढे आणखी. साऱ्या काठाला, दोन्ही बाजूंना, ठरल्या अंतराने एकेक दात खुडलेला.

मॅजिस्ट्रेट खुर्ची सोडून खाली आले. मोजायला त्यांनी स्वतःची पेन्सिल वापरली.

"कापड आहे, चूक होऊ शकते," महालातले वकील म्हणाले. पण सकाळचा गोडवा आवाजात राहिला नव्हता.

"चूक एकडाव होते जी," बाई म्हणाली. "हे त पाहून पाहून केलं हाये. अन् समजलं नाई ते बी केलं."

मग मी बोललो. तयारी नव्हती, म्हणून वाक्ये छोटी झाली आणि त्याचा फायदा झाला. मी म्हणालो, गिरणीला नागपुरी लुगडे काढायचे होते. त्यासाठी गिरणीच्या माणसाने बाजारातून नमुना घेतला. बाजारात ज्याला सगळे नागपुरी म्हणतात तेच त्याने घेतले असणार, दुसरे घेऊन त्याचा काय उपयोग? त्याने पदराजवळचा तुकडा मागापुढे ठेवला आणि जसाच्या तसा उतरवला. तो तुकडा कोणाचा, हे आपण आता पाहिले. सावनेरच्या या बाईच्या बोटाचा. तेव्हा नागपुरी म्हणजे काय, याचा निर्णय आमच्या मंडळाने बंगल्यात बसून केला आणि तो चुकला. गिरणीने धंद्याच्या डोळ्याने केला आणि तो बरोबर आहे. आरोपीच्या मालानेच सांगितले आहे की सावनेरचे लुगडे नागपुरी आहे. आणि नमुना सावनेरचा असला तरी आरोपीचा माल तिथे विणलेला नाही, हे आरोपीलाही मान्य आहे.

बोलताना मी रावबहादुरांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर 'चुकला' हा शब्द मी निदान 'अपुरा ठरला' असा केला असता.

निकाल आठवड्याने लागला. शेठ दोषी ठरला, चिठ्ठ्या काढून टाकण्याचा हुकूम झाला. मालाच्या नावाची हद्द जकात नाक्यावर ठरत नाही, अशा अर्थाचे एक वाक्यही निकालात होते. ते रावबहादुरांनी पुढे अनेक भाषणांत वापरले, आणि ते कोणाविरुद्ध लिहिलेले होते हे सांगायचे दर वेळी राहून गेले.

शेठने चिठ्ठ्या बदलल्या. 'नागपुरी धर्तीची' असे छापून आणले, त्यातला 'धर्तीची' फार बारीक. पण इतवारीत बातमी पसरली होती. गिऱ्हाईक लुगडे हातात घेऊन आधी उलटे करी आणि मग काठ चाचपून म्हणे, "याचे दात किती पडले, शेठजी?" दोनच आठवड्यांत शेठने आपला माणूस छोट्या गाडीने सावनेरला धाडला. होळीला सुताराने दुसरीकडून लाकूड घेतले.

मंडळ अजून होते. त्याने असा ठराव केला की अर्धा दात हीच नागपुरी मालाची अधिकृत खूण ठरवावी, तिचे चित्र शिक्क्यात घालावे आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावे. या वेळी कोष्ट्यांना बोलावले होते. खुर्च्या दिल्या, त्यावर ती बसली नाहीत. रावबहादुरांनी योजना समजावून सांगितली. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"नाई जी," ती म्हणाली. "पेपरात छापला का त त्यालेच नजर लागन."

"पण मग लोकांनी ओळखायचं कसं, बाई?"

"ज्याले ओळखाचं हाये तो ओळखते. गिरणीवाल्याले काहून सांगू?"

नवरा म्हणाला, "हे आयकत नाई जी कोणाचं. माह्यं बी नाई." आणि इतक्या अभिमानाने म्हणाला की निवृत्त जज्जांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. कलकत्त्याचा शिक्का होता तसाच राहिला.

पावसाळ्याच्या आधी दोघे पुन्हा व्हरांड्यात आले. या वेळी गाठोडे बाईच्या हातात होते. माझ्या आईसाठी लुगडे आणले होते.

"दात पदराजवळ नाई आता," तिने सांगितले. "दर लुगड्यात येगळा ठेवतो. कुठं ते याईले बी नाई सांगत."

"मले बी नाई सांगत," नवऱ्याने दुजोरा दिला. "एका मागावर बसून."

मी त्या संध्याकाळी घरी दिव्याजवळ लुगडे पसरले आणि दोन्ही काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले, वाचन चांगले असलेल्या माणसाने पाहावे तसे, ओळीने. मला सगळे दात पुरे दिसले. आईने चूल सारखी केली, हात पुसले, लुगडे मांडीवर घेतले आणि डोळे दुसरीकडेच ठेवून काठ बोटांतून सोडत गेली. एका जागी बोटे थांबली. तिने लुगड्याची घडी केली.

"कुठे आहे?" मी विचारले.

"आहे," आई म्हणाली, आणि ते पेटीत ठेवले.